मागच्या पिशवीचा पाठपुरावा

होडीच्या खोक्यावर सहाही बाजूंना ‘ही बाजू वर’ असं छापलेलं होतं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. ज्या कंपनीला वरची बाजू कोणती हे ठरवता येत नाही, तिच्याकडून पाण्यावर तरंगायची वस्तू घेऊ नये, एवढं कोणालाही कळेल. पण मला त्या वेळी आनंदाचं भरतं आलं होतं. माणूस चौपन्न वर्षांचा झाला की त्याच्या घरी येणाऱ्या खोक्यांत रक्तदाब मोजायचं यंत्र असतं, नाहीतर कंबरेचा पट्टा. माझ्या खोक्यात अकरा फुटी कॅनू होती.

कॅनू म्हणजे काय, हे मला गेल्या पाच आठवड्यांत इतक्या जणांना सांगावं लागलं की आता तोंडपाठ झालंय. दगडांवरून उसळत जाणाऱ्या पाण्यातून न्यायची ही आखूड, खोलगट होडी. दोन्ही टोकं वर वळलेली. तिच्यात बाक नसतो. मधोमध फोमचा एक उंचवटा असतो, त्याला आमच्या होडीवाल्यांच्या क्लबात खोगीर म्हणतात. त्यावर दोन्हीकडे पाय टाकून, गुडघे टेकून बसायचं आणि एकाच पात्याच्या वल्ह्यानं मार्ग काढायचा. पुढच्या आणि मागच्या रिकाम्या जागेत हवेच्या दोन मोठ्या पिशव्या फुगवून दोरीनं आवळतात, म्हणजे तिथे पाणी शिरायला जागाच राहत नाही. पिशवी नसेल तर होडी टाकीसारखी भरते आणि मग ती चार माणसांनाही ओढून काढता येत नाही. म्हणून क्लबाचा नियम आहे: दोन्ही पिशव्या असतील तर पाण्यात, नाहीतर काठावर.

खोकं आणणाऱ्यानं एक कागद पुढे केला. मी सही केली. मी सत्तावीस वर्षं एका मोठ्या कार्यालयाच्या तक्रार निवारण कक्षात आहे. समोर आलेल्या कागदावर सही करणं हा माझ्या हाताचा धर्म आहे, डोळ्यांचा त्याच्याशी संबंध येत नाही. सही करण्याआधी कागद वाचणं हा आमच्याकडे तो आणणाऱ्याचा अपमान समजतात.

मग खोकं उघडलं. होडी होती, खोगीर होतं, पुढची पिशवी होती. मागची पिशवी नव्हती. तिच्या जागी एक पत्रक होतं: ‘मागच्या पिशवीची निगा कशी राखावी.’

“विचारा ना त्यांना,” बायको म्हणाली.

“विचारतो म्हणजे काय! मी तक्रार निवारणातला माणूस आहे.”

“म्हणूनच म्हणते. तुम्हाला लोक जसं विचारतात ना, तसं विचारा.”

या वाक्यात टोमणा होता की सल्ला, हे मला अजून कळलेलं नाही.

आता, एका पिशवीसाठी मी एवढं जिवावर का उदार झालो, ते सांगायला हवं. आमच्या नदीवर जो शेवटचा मोठा उसळता टप्पा आहे, त्याला क्लबातले लोक सासूबाई म्हणतात, कारण तिच्यापुढून पहिल्या खेपेला कोणी ताठ मानेनं गेलेलं नाही. गेल्या हंगामात मी क्लबाच्या होडीतून तिथे गेलो. म्हणजे तोंडापर्यंत गेलो. तिथे उलटलो, आणि पुढचा सगळा टप्पा होडीनं माझ्याशिवाय एकटीनं, एकही दगड न घासता, सुरेख पार केला. सगळा क्लब काठावर उभा होता. प्रशिक्षक म्हणाला, “काका, होडीला येतं. तुम्हालाच येत नाही.” त्या दिवसापासून माझं नाव गटांगळीकाका पडलं. क्लबाच्या यादीतसुद्धा कंसात तसंच लिहिलंय. शिवाय प्रशिक्षकानं सांगून टाकलं की पुढच्या वेळी स्वतःची होडी आणा, आमची फुटते.

माझं शाळेत नाव वडिलांनी घातलं, नोकरी मामांनी लावली, घर सासऱ्यांनी शोधलं. सासूबाईच्या टप्प्यावरून सरळ बसून खाली यायचं, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात स्वतः ठरवली होती. आणि नदीला पाणी सोडणाऱ्या धरणाचे दरवाजे, खोकं आल्यापासून पाच आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी एक वाजता, हंगामापुरते बंद होणार होते. पुढच्या वर्षी पाणी येईल. माझे गुडघे येतील की नाही, याची मला खात्री नव्हती.

कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रारीचा अर्ज होता. ही कंपनी होड्यांखेरीज तंबू, व्यायामाच्या सायकली आणि गिर्यारोहणाचे बूटही विकते, पण तक्रारीचा अर्ज सगळ्यांना एकच. त्यात ‘टायरचा आकार’ असा एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. मी रकाना रिकामा सोडला. लाल अक्षरं आली. मी शून्य लिहिलं. ‘शून्य हा आकार ग्राह्य नाही.’ मी ‘टायर नाही, होडी आहे’ असं लिहिलं. ‘कृपया फक्त अंक लिहा.’ शेवटी, अर्ज पुढे जाणं महत्त्वाचं असं मनाला समजावून मी सव्वीस लिहिलं. अर्ज लगेच गेला. मला वाटलं, जिंकलो.

नवव्या दिवशी खोकं आलं. त्यात सव्वीस इंची दोन टायर होते, आणि सोबत निरोप: ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.’

दरम्यान घरात होडी होती. ती लिफ्टमध्ये मावली नाही, जिन्याच्या वळणावर अडकली, आणि शेवटी बैठकीच्या खोलीतून बोळातून झोपायच्या खोलीपर्यंत, अशी दोन उंबरठ्यांवर पसरली. झोपायच्या खोलीचं दार लागेना. न्हाणीघरात जायचं तर होडीत एक पाय टाकून पलीकडे उतरावं लागे. बायकोनं तिच्यात इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली. मी हरकत घेतली तेव्हा म्हणाली, “निदान कशाला तरी उपयोगी पडू दे बिचारीला.”

दोन दिवस मी ती खाली जिन्याशेजारी ठेवून पाहिली. तिसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला: ‘जिन्याखाली जलवाहतुकीची साधने ठेवू नयेत.’ मी इमारतीच्या सेक्रेटरीला जिन्याखाली होडीपाशी आणलं. हा गृहस्थ दिवसभर पट्टी आणि पेन घेऊन बसलेला असतो.

“हे बघा,” सेक्रेटरी म्हणाला, “वाहन असेल तर पार्किंगमध्ये ठेवा. पण मग नंबरप्लेट दाखवा. फर्निचर असेल तर घरात ठेवा.”

“फर्निचर समजा.”

“मग बसून दाखवा.”

मी तिथल्या तिथे होडीत उतरलो, खोगिरावर गुडघे टेकले आणि त्याच्याकडे मान वर करून पाहिलं.

“याला बसणं म्हणत नाहीत,” तो म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

समोरच्या घरातले निवृत्त इंजिनियर हे सगळं जिन्यातून पाहत होते. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, त्यामुळे पाण्याबद्दल आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं मत आहे. पाण्यात ते स्वतः कधी उतरलेले नाहीत.

“पिशवी हवीच कशाला?” ते म्हणाले. “मागे वजन टाका. दोन गोण्या वाळू.”

“अहो, बुडेल ती.”

“बुडेल, पण हलणार नाही.”

ट्रकच्या चाकातली ट्यूब फुगवून बांधावी, हा दुसरा सल्लाही त्यांचाच. तो मला बरा वाटला. मी पंक्चरवाल्याकडून ट्यूब आणली, मागे कोंबली, आवळली. प्रशिक्षकाला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘काका, नियम म्हणजे नियम. होडीची मूळ पिशवी पाहिजे. ट्यूबची दोरी सुटली आणि तुमचा पाय अडकला तर तुमच्या बायकोला मी काय सांगू?’ मी ट्यूब सोडवली. हे उत्तर बायकोनंही वाचलं होतं.

मग मी कंपनीला फोन लावला. ‘आपण रांगेत सतराव्या क्रमांकावर आहात,’ असं एक यंत्र म्हणालं. वीस मिनिटांनी मी एकोणिसाव्या क्रमांकावर होतो. रांगेत मागे कसं सरकता येतं, हे मला आजही कळलेलं नाही. आमच्या कार्यालयात लोक निदान जागच्या जागी तरी उभे राहतात. अखेर एक ताई बोलल्या.

“सर, मी आपली अडचण समजू शकते.”

मी थक्क झालो. हे वाक्य आमच्या कक्षात मीच बसवलेलं आहे. अडचण ऐकण्याच्या आधी म्हणायचं असतं ते. पण ताईंनी ते ज्या थंडपणे टाकलं, त्याला तोड नव्हती.

“ताई, मला मागची हवेची पिशवी मिळालेली नाही.”

“टायर मिळाले ना, सर?”

“मिळाले. पण मला टायर नको होते.”

“मग आपण आकार का दिलात?”

“अर्ज पुढे जाईना म्हणून.”

“म्हणजे आपण अर्जात चुकीची माहिती दिलीत,” ताई अतिशय प्रेमानं म्हणाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. वर त्यांनी सांगितलं की टायर परत केल्याशिवाय नवी तक्रार नोंदवता येणार नाही, आणि टायर परत करायचे तर सायकलचा क्रमांक लागेल.

मी फोन ठेवला. सत्तावीस वर्षांत आपण लोकांना नेमकं काय करत होतो, याचा अंदाज यायला लागला होता. पण मी हातपाय गाळले नाहीत. उलट कंबर कसली. रोज सकाळी दहा वाजता एक स्मरणपत्र पाठवायचं, असा नेम धरला. पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, मग अंतिम स्मरणपत्र, मग अंतिम स्मरणपत्राचं स्मरणपत्र. सोळाव्या दिवशी उत्तर आलं: ‘तक्रारदाराने वस्तूसह प्रत्यक्ष हजर राहावे.’

असं उत्तर आम्हीही देतो. ते मिळाल्यावर माणूस घरी बसेल, हा त्यामागचा हिशोब असतो. वस्तू अकरा फुटी असेल तर तो हमखास बसतो. मी शुक्रवारची रजा टाकली. तो शेवटच्या रविवारच्या आधीचा शुक्रवार होता.

कंपनीचं सेवाकेंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं. इंजिनियर मदतीला आले. त्यांनी पुढचं टोक धरलं आणि प्रत्येक वळणावर मला भूमिती समजावून सांगितली. दारावरचा रखवालदार म्हणाला, “बॅगा बाहेर ठेवाव्या लागतील.”

“ही बॅग आहे का?”

त्यानं होडीभोवती एक फेरी मारली. “नाही,” तो प्रामाणिकपणे म्हणाला आणि दार उघडून धरलं.

आत माझा टोकन क्रमांक चौसष्ट होता आणि भिंतीवर एकतीस दिसत होता. खुर्च्या भरलेल्या होत्या. मी होडी दारासमोरच्या मोकळ्या जागेत ठेवली आणि तिच्यात गुडघे टेकून बसलो. इंजिनियर “काम आहे” म्हणून निघून गेले. दुपारी तीनपर्यंत माझा नंबर लागला. गळ्यात टाय घातलेला एक व्यवस्थापक आला आणि त्यानं माझ्यासमोर टॅबलेटचा पडदा धरला. पडद्यावर एक कागद होता: ‘माल तपासून पूर्ण व सुस्थितीत मिळाला.’ खाली माझी सही, तारखेसकट, सुवाच्य.

“सही आपलीच ना?” तो म्हणाला.

आजवर किती माणसांना मी हेच तीन शब्द विचारले असतील! विचारल्यावर समोरचा माणूस जरा खाली पाहतो, मग कागदाकडे पाहतो, मग दाराकडे. मीही त्याच क्रमानं पाहिलं. मला लाज वाटली, आणि ती सगळी त्या पिशवीबद्दलची नव्हती.

“सही माझीच,” मी म्हणालो. “कागद वाचला नव्हता.”

“मग आमच्या हातात काही नाही.”

“ठीक आहे. मी बसतो.”

“कशासाठी?”

“पिशवीसाठी.”

तो हसला आणि गेला. त्याला ठाऊक नव्हतं की मी घरचा भेदी आहे. कार्यालय पत्रांना घाबरत नाही, ओरडण्याला घाबरत नाही, वरच्यांच्या ओळखीलाही फारसं घाबरत नाही. ते फक्त एका गोष्टीला घाबरतं: बंद व्हायच्या वेळी जो माणूस उठत नाही त्याला. माझ्या सगळ्या नोकरीत मला एकाच व्यक्तीनं हरवलं. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या विणकाम घेऊन तीन दिवस माझ्या टेबलासमोर बसल्या. भांडल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी स्वतः फाईल शोधून काढली, कारण त्यांनी स्वेटरची दुसरी बाही सुरू केली होती.

मी डबा खाल्ला. पाणी प्यायलो. गुडघ्यांत मुंग्या आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. साडेपाचला खुर्च्या रिकाम्या झाल्या. पावणेसहाला दिवे विझायला लागले. माणूस आत असताना दाराला कुलूप लावायचं नाही असा रखवालदाराला नियम होता, आणि होडी दारासमोर आडवी असल्यामुळे कर्मचाऱ्यांना माझ्यावरून ढांग टाकल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. हळूहळू माझ्याभोवती पर्सा आणि डबे घेतलेल्या माणसांचा घोळका जमला.

“देऊन टाका ना हो त्यांना,” घोळक्यातून कोणीतरी व्यवस्थापकाला म्हणालं. “माझी बस चुकेल.”

“नियमात नाही,” व्यवस्थापक म्हणाला.

“मी आपल्या सगळ्यांची अडचण समजू शकतो,” मी म्हणालो.

त्यासरशी एक बाई पुढे आल्या आणि माझ्याकडे निरखून पाहायला लागल्या. “हा आवाज... सव्वीस इंची टायरवाले तुम्हीच का?”

“मीच. आणि ताई तुम्ही.”

“सोळा स्मरणपत्रं,” त्या घोळक्याकडे वळून म्हणाल्या, “सगळी माझ्याकडे येतात. रोज दहाच्या ठोक्याला! सुट्टीवर होते तेव्हासुद्धा.” आणि व्यवस्थापकाकडे न बघता त्या दर्शनी काचेपाशी गेल्या. तिथे शोभेसाठी अगदी माझ्यासारखीच एक कॅनू टांगलेली होती. ताईंनी खुर्ची ओढली, वर चढल्या, तिच्या मागच्या पिशवीची दोरी सोडली, हवा काढली आणि ती माझ्या मांडीवर आणून ठेवली. “घ्या. आणि इथे सही करा.”

मी कागद घेतला आणि वाचायला लागलो. पहिल्या ओळीपासून. बारीक अक्षरंसुद्धा. सगळं सेवाकेंद्र पर्स खांद्यावर घेऊन उभं होतं. अकरा मिनिटं लागली. एका ठिकाणी ‘टायर’ होतं, तिथे मी ‘पिशवी’ करून घेतलं आणि मगच सही केली.

रविवारी आम्ही नदीवर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते, कारण गाडीच्या टपावर होडी कशी बांधावी याबद्दल इंजिनियरांचं स्वतंत्र मत होतं. बायकोही आली. सगळा क्लब सासूबाईच्या खालच्या अंगाला खडकांवर बसला होता. प्रशिक्षकानं पिशव्या दाबून पाहिल्या, दोऱ्या ओढून पाहिल्या आणि मान हलवली. “एकला पाणी बंद. जा, काका.”

मी वरच्या शांत डोहात होडी सोडली. गुडघे टेकले, मांड्यांवरचे पट्टे आवळले. पाण्याचा आवाज छातीत ऐकू येत होता. मला भीती वाटत होती, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. पण परत फिरावंसं एकदाही वाटलं नाही.

पुढचं सगळं फार थोड्या वेळात झालं. होडीनं तोंड खाली केलं, पांढरं पाणी अंगावर आलं, डावीकडचा दगड मला ओळखून असल्यासारखा पुढे आला. मी उजवीकडे वाकलो, वल्हं खोल रोवलं आणि धरून ठेवलं. होडी कलंडली, थांबली, सरळ झाली. पुन्हा एक लाट, पुन्हा एक दगड, मग एकदम सगळं सपाट. मी खालच्या डोहात होतो. होडीत होतो. डोकं वर होतं. मी वल्हं उंचावलं आणि टाळ्यांसाठी काठाकडे पाहिलं.

काठावर सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. मी तोंडाशी आलो त्या क्षणी इंजिनियर ओल्या खडकाच्या टोकावर जाऊन “डावीकडून! डावीकडून!” असा सल्ला देत होते, आणि देता देता पाण्यात पडले होते. सगळा क्लब दोऱ्या टाकून त्यांना ओढत होता. ते छातीभर पाण्यात उभे राहून, दोरी चुकीच्या बाजूनं टाकल्याचं सांगत होते.

मी काठाला लागलो. प्रशिक्षक धापा टाकत आला. “काय काका, जाताय ना? वेळ कमी आहे.”

“जाऊन आलो.”

“कधी?”

“आत्ता.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मागून एकजण म्हणाला, “काठाकाठानं होडी आणली असेल ओढत.” एकजण हसला. पाच आठवडे, सोळा पत्रं, एक दिवस गुडघ्यांवर, आणि शेवटी एकही साक्षीदार नाही. मला तिथेच होडी सोडून घरी जावंसं वाटलं.

“मी पाहिलं,” बायको म्हणाली. ती वरच्या खडकावर एकटीच उभी होती. इंजिनियर पडले तरी ती तिथून हलली नव्हती. ती खाली उतरून आली आणि प्रशिक्षकासमोर उभी राहिली. “वरपासून खालपर्यंत पाहिलं. डावीकडच्या दगडापाशी कलंडले होते, पण पडले नाहीत. यादीतला तो कंस काढा आधी.”

“वहिनी, नियम असा आहे की...”

“किती वाजले?”

“बारा चाळीस.”

बायकोनं साडीचा पदर कमरेला खोचला, चपला काढून खडकावर ठेवल्या आणि होडीचं मागचं टोक उचललं.

“अहो, बघत काय बसलात?” ती मला म्हणाली. “पुढचं टोक धरा. वीस मिनिटं आहेत अजून. आणि तुम्ही सगळे,” ती क्लबाकडे वळली, “इकडे तोंड करून बसा.”